दोन तासांच्या हौशी शर्यतीला गुण कसे द्यायचे? (चेनच्या लॉकवरून भांडण पेटलंय)

लॅपमोज्या

मंडळी, कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या आम्ही काही हौशी पोरांनी (पोरं म्हणायचं, माझं वय ४६) गेल्या वर्षी भाड्याच्या गो-कार्ट ट्रॅकवर चार शर्यती घेतल्या. रस्त्यावरच्याच गाड्या, १०० ते १६० सीसी, आरसे-इंडिकेटर उतरवलेले. एका गाडीवर तीन रायडर, दोन तास, किमान तीनदा रायडर बदलायचा. टीम १२. गुण मी मोटोजीपीचे (मोटरसायकलच्या जागतिक शर्यतींचे) उचलले: २५, २०, १६, १३, ११, मग सहाव्याला १० आणि तिथून एकेक कमी करत पंधराव्याला १.

१७ नंबरची गाडी पहिल्या तिन्ही शर्यती जिंकली. ७५ गुण. २२ नंबर चारही वेळा दुसरी. ८० गुण. चौथ्या शर्यतीत १७ नंबर पुढंच होती, पण १ तास २५ मिनिटांनी चेनचं लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) उडालं, चेन ट्रॅकवर पडली, गाडी ढकलत पिटमध्ये (ट्रॅकशेजारची दुरुस्तीची जागा). शून्य. ढाल २२ ला गेली आणि बक्षीस देतानाच आवाज चढले. १७ वाले म्हणतात, तीनदा जिंकून आम्ही हरलो, ही कसली पद्धत? २२ वाले म्हणतात, गाडी टिकवायचीच शर्यत आहे, आमची टिकली. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. त्यात १७ च्या कॅप्टनच्या घरी आमचं जाणं-येणं आहे, वहिनी अजून नीट बोलत नाहीत.

दुसरं दुखणं म्हणजे ११० सीसी स्कूटरवर येणाऱ्या दोन टीम. बिचाऱ्या कितीही नेटानं चालवोत, शेवटचे दोन नंबर त्यांचेच.

या वर्षी बदल करायचा आहे. काय करू?

गिअरबदलू

सोपं आहे राव. चारातली सगळ्यात वाईट शर्यत सोडून द्या. १७ चे ७५, २२ चे ६०. भांडण मिटलं.

जुनाखोड

मिटलं नाही, दुसऱ्या घरी गेलं. १९८८ ला फॉर्म्युला वनमध्ये हेच झालं. तेव्हा १६ पैकी सर्वोत्तम ११ शर्यतींचे गुण धरायचे. अ‍ॅलन प्रोस्ट आणि आयर्टन सेना हे दोन ड्रायव्हर. प्रोस्टचे एकूण १०५, सेनाचे ९४. सोडायचे ते सोडल्यावर सेना ९०, प्रोस्ट ८७. विजेता सेना. माझा एक मित्र अजून त्यावर तावातावानं बोलतो.

आणि न जिंकता विजेता होण्यात गैर काय? १९९९ ला मोटरसायकलच्या १२५ सीसी वर्गात अल्झामोरा नावाच्या रायडरनं एकही शर्यत न जिंकता जागतिक विजेतेपद घेतलं, मेलांद्रीपेक्षा एक गुण जास्त, २२७ ला २२६. ती तर पाऊण तासाची धावपळ. तुमची एन्ड्युरन्स, म्हणजे टिकून राहायची शर्यत. २२ नंबरचा दावा उलट जास्त भक्कम आहे.

लॅपमोज्या

सोडून द्यायची पद्धत मी रात्री कागदावर मांडून बघितली. तिसऱ्या शर्यतीनंतर १७ चे ७५. २२ नं चौथी जिंकली असती तरी तिच्या चांगल्या तीन मिळून ६५ च. म्हणजे निकाल तिसऱ्यालाच लागला होता. मग १७ वाले चौथ्याला टेम्पोचं भाडं भरून कशाला येतील? दहा-बारा टीमच्या खेळात एक न येणं म्हणजे सगळ्यांच्या वर्गणीला भोक. हे नको.

लॅपच्या (ट्रॅकच्या फेऱ्यांच्या) टक्क्यानं गुण द्यावेत असंही एकानं सुचवलं, विजेत्याला १००, बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. त्यात पहिल्या चार-पाच टीममध्ये दोन-तीन गुणांचाच फरक पडतो. ओव्हरटेक कोण करेल मग?

आकडेताई

दादा, पद्धत बदलण्याआधी दोन गोष्टी सांगा. चौथ्या शर्यतीत कुणाचे किती लॅप झाले? आणि चेन तुटल्यावर १७ वाल्यांनी काय केलं?

लॅपमोज्या

वही समोरच आहे. जिंकणारी गाडी १०४. स्कूटर ८४ आणि ८१. एक गाडी पडून बाद. बाकीच्या सगळ्या ९० च्या वर. १७ नंबरचे बंद पडली तेव्हा ७३ झाले होते.

काय केलं? गाडी टेम्पोत चढवली आणि हायवेच्या ढाब्यावर मटण खायला गेले. बक्षिसाला परत आले.

आकडेताई

मोटोजीपीची गुणांची यादी घेतलीत, तसा त्यांचा विजेत्याच्या किमान ७५ टक्के लॅप झाले तरच गुण, हा नियमही घेतला होतात का? आणि बरोबरी झाली तर काय ठरलं होतं?

लॅपमोज्या

७५ टक्के आणि झेंडा घेणं (शेवटी गाडी चालवत रेषा ओलांडणं), दोन्ही नियमात आहे. बरोबरी झाली तर ज्याचे विजय जास्त तो वर.

आकडेताई

मग हिशेब बघा. १०४ चे ७५ टक्के म्हणजे ७८. १७ नंबरला फक्त ५ लॅप हवे होते. दोन तासांत १०४ म्हणजे लॅपला साधारण ६९ सेकंद, म्हणजे सहा मिनिटांचं काम. हातात होती ३५ मिनिटं. चेनचं लॉक बसवायला २९ मिनिटं मिळत होती! रडतखडत ५ लॅप मारून झेंडा घेतला असता तर १७ नंबर अकरावी आली असती. अकराव्याला ५ गुण. ७५ आणि ५, ८०. बरोबरी. विजय तीन विरुद्ध शून्य. ढाल १७ ला.

वीस मिनिटांत लॉक बसलं असतं तर स्कूटरही मागे पडल्या असत्या. नववा नंबर, ७ गुण, ८२. बरोबरीचाही प्रश्न नाही.

तुमच्या यादीनं त्यांना हरवलं नाही, मटणानं हरवलं.

जुनाखोड

😂 ताई, दंडवत.

सॉकेटवाला

माझं गॅरेज आहे म्हणून सांगतो. नवीन चेन-सॉकेट टाकणाऱ्यानं जुन्या चेनचं लॉक आणि एक लिंक डब्यात ठेवायची असते. पक्कड हाताशी असेल तर दहा मिनिटं, चेन तापलेली असेल तर बोटं भाजून पंधरा. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. उलटं बसलं की उडतं. ९९ टक्के तेच झालं असणार.

गिअरबदलू

वर्ल्ड एन्ड्युरन्समध्ये २४ तासांच्या शर्यतीत ८ आणि १६ तासांनाही पहिल्या दहांना १० ते १ गुण देतात. तुम्ही एका तासाला थोडे द्या. आधी पुढं असून बंद पडणाऱ्याला काहीतरी हाती लागेल.

लॅपमोज्या

२४ तासांत ठीक. आमच्याकडं तासाला गुण ठेवले तर ५५ ते ६० मिनिटांत एकही गाडी पिटमध्ये येणार नाही आणि ६१ व्या मिनिटाला सगळ्या एकदम घुसतील. आमची पिटलेन म्हणजे दोन टायरच्या रांगांमधली गल्ली. कुणाचा तरी पाय जाईल.

स्कूटरवाली

शेवटच्या दोन नंबरांपैकी एक आम्ही 🙋‍♀️. आम्हाला वेगळा वर्ग द्या, वेगळी ढाल द्या, पण आमचे वर्गातले गुण मुख्य ढालीत मिसळू नका. दोनच स्कूटर असताना वर्गात पहिलं येऊन चार शर्यतींचे १०० गुण होतात, म्हणजे १७ आणि २२ दोघांच्याही वर. तो निकाल आम्हालाच लाजिरवाणा. दोन जणांत पहिल्याला २५ देण्याऐवजी जितक्या गाड्या सुटल्या तितकेच गुण पहिल्याला द्या, खाली एकेक कमी. आणि 'सुटल्या' म्हणजे खरंच सुटल्या. नाहीतर कुणीतरी मेव्हण्याची गाडी नुसती नावापुरती नोंदवून आकडा फुगवेल.

लॅपमोज्या

मेव्हणे आहेत, फुगवतील.

ठरवलंय ते लिहितो. मुख्य यादी तीच, २५-२०-१६. स्कूटरची ढाल वेगळी, गुण सुटलेल्या गाड्यांइतके. कुठलीही शर्यत सोडून द्यायची नाही. ७५ टक्क्यांचा आकडा नियमावलीच्या तिसऱ्या पानावर होता, आता पिटच्या भिंतीवर खडूनं लिहिणार आणि दर पंधरा मिनिटांनी बदलणार: 'आत्ता इतके लॅप असतील तर तुम्ही अजून शर्यतीत आहात.' सॉकेटवाल्यांच्या सल्ल्यानं लॉक, लिंक आणि पक्कड आयोजकांच्या टेबलावर.

आकडेताईंचा हिशेब १७ च्या कॅप्टनला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'हे २२ वाल्यांना माहिती होतं का?' नव्हतं. तेसुद्धा ढाब्यावर येणार होते, पण त्यांची गाडी चालू होती.

एक अडचण उरलीच. आमचे लॅप माझे दोन चुलतभाऊ वहीत रेघा मारून मोजतात आणि तिसऱ्या शर्यतीत एका रेघेवरून वाद झाला होता. ७८ की ७७ यावर गुण ठरणार असतील तर ते चालणार नाही. ट्रान्सपाँडरचं (गाडीला लावायचं, लॅप आपोआप मोजणारं यंत्र) भाडं झेपत नाही. काय करता येईल?

आकडेताई

प्रत्येक टीमनं एक माणूस द्यायचा, स्वतःची नाही, दुसऱ्याची गाडी मोजायला. कोण कुणाची मोजणार याच्या चिठ्ठ्या शर्यतीआधी काढा. भावांची वही तशीच चालू द्या. दर अर्ध्या तासाला दोन्ही जुळवा आणि दोघांच्या सह्या घ्या. नाही जुळलं तर तिथंच मिटवा, शेवटी नाही.

स्कूटरवाली

आमची मोजायला २२ वाला नको. तो मोबाईलच बघत बसतो.