आयपॅड स्वतःला मॅक म्हणवतो, विंडोज ११ दिसतच नाही. ओळखायचं कसं?

म्हापसेकर:
नमस्कार मंडळी. आसगावच्या एका गेस्टहाऊसची बुकिंग साईट सांभाळतो. कॅलेंडर दोन आहेत: कॉम्प्युटरवर तारखेवर माउस नेला की दर दिसतो, मोबाईलवर टॅप केल्यावर. कुठलं द्यायचं ते यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर साईटला पाठवतो ती स्वतःची ओळख, वाचून ठरतं. आयपॅडवाल्या पाहुण्यांना माउसवालंच मिळतं. तारखेवर बोट दाबत बसतात, दर काही उघडत नाही. लॉगमध्ये त्यांच्या नावापुढे ‘मॅकिन्टॉश’! शिवाय मालकांना विंडोज १० आणि ११ चे आकडे वेगळे हवेत. माझ्याकडे ११ एकही नाही.

फोंडेकर:
११ दिसणारच नाही. दोन्हींवर ब्राउझर ‘विंडोज एनटी १०.०’ हेच पाठवतो. क्रोम आणि एजला क्लायंट हिंट्समधून (साईटने विचारल्यावर ब्राउझर देतो ती जादा माहिती) प्लॅटफॉर्म व्हर्जन विचारा. पहिला आकडा १३ किंवा वर असेल तर विंडोज ११. त्यासाठी साईट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) हवी. फायरफॉक्स हे सांगत नाही, म्हणून रिपोर्टात ‘१० किंवा ११’ असा रकाना ठेवाच.

मडगावची डेव्हलपर:
२०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी मुळातच डेस्कटॉप साईट मागते, म्हणून मॅक. ब्राउझर प्लॅटफॉर्म ‘मॅकइंटेल’ सांगतो आणि मॅक्सटचपॉइंट्स (स्क्रीन एका वेळी किती बोटं ओळखते) एकाहून जास्त, असं तपासून आयपॅड पकडता येतो, पण माझं ऐका, कॅलेंडर त्याच्यावर उभं करू नका. तुम्हाला हवंय ते उपकरणाचं नाव नाही. समोरच्याकडे माउस आहे की बोट, एवढंच. ते सीएसएसलाच (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) विचारा: मीडिया क्वेरीत, म्हणजे उपकरणाबद्दलच्या अटीत, ‘हॉवर’ (नुसतं वर नेता येतं का) आणि ‘पॉइंटर’ (नेम माउससारखा बारीक की बोटासारखा जाड). उद्या कोणी नवीन टॅब्लेट घेऊन आला तरी कोडला हात लावावा लागणार नाही. यूजर एजंट तर दिवसेंदिवस पोकळच होत चाललाय. क्रोम आता कुठल्याही अँड्रॉइड फोनवरून ‘अँड्रॉइड १०, के’ (‘के’ हे मॉडेलच्या जागी ठेवलेलं नुसतं अक्षर) एवढंच पाठवतो, फोन कालच घेतलेला का असेना.

म्हापसेकर:
पटलं ताई. पण टचस्क्रीनवाला विंडोज लॅपटॉप? त्याला माउसही आहे आणि बोटही.

मडगावची डेव्हलपर:
तिथे मुख्य साधन माउस धरलं जातं, म्हणजे ‘हॉवर’चं उत्तर ‘हो’ येणार आणि बोट लावणारा परत अडकणार. म्हणून दोन कॅलेंडरं ठेवूच नका. दर क्लिकवर उघडू दे, सगळीकडे. माउसवाल्यांना नुसता नेल्यावरही दिसला तर वरकड सोय. कीबोर्डवरून एंटर दाबूनही उघडतो ना, तेही बघा. माउस न वापरणारे पाहुणेही खोली बुक करतात.

म्हापसेकर:
आज रात्रीच बदलतो. देव बरें करूं.