प्रति: प्रशिक्षक उत्तर का देत नाहीत?

दहावीतल्या मुलीने पाठवलेल्या ईमेलना अमेरिकेतील कॉलेज सॉफ्टबॉलच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटातील एकाही प्रशिक्षकाचे उत्तर आले नाही, तेव्हा तिच्यात काही कमी आहे का, असे आपण विचारले आहे. तसे मुळीच समजू नये. तिथल्या कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमानुसार सॉफ्टबॉलमध्ये त्या प्रशिक्षकांना अकरावीच्या वर्षातील 1 सप्टेंबरपूर्वी खेळाडूच्या भरतीविषयीच्या पत्राला उत्तर देताच येत नाही. मुलीने मात्र लिहीत राहावे, आणि ते तिनेच लिहावे, आईवडिलांनी नव्हे.

आमच्या मुलीच्या वेळी आम्ही आधी मैदाने पाहत हिंडलो, हे आता आठवले की हसू येते. खरी माहिती संघाच्या संकेतस्थळावरील खेळाडूंच्या यादीत असते: आपली मुलगी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारी खेळाडू) असेल, तर सध्याच्या कॅचर कोणत्या वर्षाला आहेत आणि ती प्रवेश घेईल तेव्हा त्यांपैकी किती जणी शिल्लक असतील, हे तिथे दिसते. दुसऱ्या कॉलेजांतून बदलून आलेल्या मुली किती आहेत, तेही पाहावे, कारण जिथे रिकाम्या जागा अशाच भरल्या जातात तिथे शाळेतून येणाऱ्या मुलीला खेळायला मिळण्याची शक्यता कमी होते.

डिव्हिजन थ्री या एनसीएएच्या तिसऱ्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, म्हणून ती कॉलेजे सरसकट बाद करू नयेत, असे माझे मत आहे. गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत तिथेही असते. मुलीला जीवशास्त्र घ्यायचे असल्यास दुपारची प्रयोगशाळा आणि सराव यांचा मेळ कसा बसतो, हे प्रशिक्षकांपेक्षा संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारावे.