मदत हवी आहे : रात्रीच्या कबड्डी सामन्यांच्या छायाचित्रांत काळपट पट्टे येतात

परळचा_प्रेक्षक
गेली तीन वर्षे मी लालबाग-परळ भागातील रात्रीच्या कबड्डी स्पर्धा प्रेक्षकांत बसून पाहतो आणि छायाचित्रे काढतो. कालच्या साडेतीनशे छायाचित्रांपैकी निम्म्याहून अधिक वाया गेली. एका चित्रात चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे (जी ओलांडल्यास जादा गुण मिळू शकतो) टेकला आहे आणि डाव्या कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला आहे, परंतु चित्राचा खालचा अर्धा भाग पिवळसर काळपट आहे. लगेच पुढचे चित्र मात्र लख्ख. सेटिंग एकच होते. रविवारी माझा भाचा उपांत्य फेरीत खेळणार आहे, तेव्हा कृपया लवकर उपाय सांगावा.

जुनी_लेन्स
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटरचा वेग किती आणि आपण कोठे बसता, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. तरीही माझा अनुभव सांगतो : वापरलेली ५० एमएम एफ १.८ डी लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) स्वस्तात मिळते, ती घ्यावी. माझे काम तिच्यावर अनेक वर्षे उत्तम चालले.

परळचा_प्रेक्षक
कॅमेरा निकॉन डी ५६००, लेन्स त्याच्यासोबत आलेली ७०-३०० एमएम झूम, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ६४००. बाजूच्या खुर्च्यांच्या चौथ्या रांगेत बसतो. मेनूतील फ्लिकर रिडक्शनही (दिव्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम कमी करणारी सोय) चालू केले होते, काहीही फरक पडला नाही.

प्रकाशमापक
कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, परंतु १/५०० सेकंदात त्या चढउताराचा पाचवा हिस्साच सापडतो. शिवाय या वेगाला शटरची फट चित्रावरून सरकत जाते, म्हणून एकाच चित्राचा एक भाग उजळ आणि दुसरा काळपट येतो. डी ५६०० मधील फ्लिकर रिडक्शनची सोय केवळ लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर पाहणे) आणि व्हिडिओसाठी आहे. शटर १/१०० ठेवल्यास प्रत्येक चित्रात पूर्ण आवर्तन येईल आणि पट्टे जातील.

माजी_कोपरारक्षक
१/१०० वर चढाई टिपता येत नाही, हे मी ठामपणे सांगतो. हात मारण्याच्या क्षणी चढाईपटूचा पंजा नुसता धुरासारखा उमटतो. त्यापेक्षा १/५०० वरच सलग चित्रे काढावीत आणि चांगली निवडावीत.

प्रकाशमापक
पंजा पुसट होईल, हे मान्य आहे. परंतु चढाईपटू ‘निदान रेषे’जवळ (चढाईत ओलांडावी लागणारी रेषा) क्षणभर थबकतो, पकड लागल्यावर मध्यरेषेकडे ताणला जातो, तेव्हा चेहरा जवळजवळ स्थिर असतो. ते क्षण १/१०० वर घ्यावेत. धावपळीसाठी सलग चित्रांचा मार्ग आहेच. जुनी_लेन्स यांचा सल्ला मात्र येथे लागू नाही : डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नसल्याने १.८ डी वर स्वयंचलित फोकस होणार नाही. स्वतःची मोटर असलेली १.८ जी घ्यावी.

मैदानावरची_ताई
फ्लॅश वापरू नये, ही माझी विनंती आहे. माझी मुलगी खेळते. पकडीच्या वेळी डोळ्यांवर झोत आला तर पाय चुकतो.

परळचा_प्रेक्षक
ताई, फ्लॅश मी कधीच वापरत नाही. पण ५० एमएमने एवढ्या लांबून काय दिसणार?

माजी_कोपरारक्षक
मग जागा बदला. बाजूने आपल्याला खेळाडूंच्या पाठी आणि खांदेच दिसतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब असते, म्हणजे मध्यरेषेपासून अंतिम रेषा अवघी साडेसहा मीटर. अंतिम रेषेमागे बसलात तर चढाईपटूचा चेहरा सरळ समोर येतो आणि ५० एमएम पुरते.

प्रकाशमापक
जागेचा सल्ला उत्तम आहे. आपल्या ७०-३०० वरील एफ ५.६ ऐवजी १.८ म्हणजे नऊ पटींहून अधिक प्रकाश, त्यामुळे आयएसओही खाली आणता येईल. फक्त फोकसची खोली (स्पष्ट दिसणारा पट्टा) कमी असते, म्हणून बिंदू डोळ्यांवरच धरावा.

परळचा_प्रेक्षक
मित्राकडे १.८ जी आहे, उद्याच्या सरावात वापरून पाहतो. अंतिम रेषेमागे प्रेक्षकांना बसू देतात का?

माजी_कोपरारक्षक
आधी आयोजकांना विचारावे आणि मॅटपासून बरेच मागे बसावे. साखळीने (एकमेकांचे हात धरून) पकड केली की तीन-चार खेळाडू एकदम बाहेर येतात, तेव्हा डोळा कॅमेऱ्याला लावून बसलेल्या माणसाला उठायलाही वेळ मिळत नाही.