उपकारस्तुती झाली, पण कौलं कोण शाकारणार?

पाळकाची_पोर:
आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर रविवारी दुपारी एक पोस्ट आली. म्हणणं असं: इस्राएल लोक कुरकुर करत राहिले म्हणून चाळीस वर्षं रानात भटकले, तर आपण चाळीस दिवस तक्रार न करण्याचा नवस करू या. जो तक्रार करेल त्याने बरणीत दहा रुपये टाकायचे. शेवटची ओळ, 'कुरकुर ही सैतानाची मातृभाषा'. मी खाली चार ओळी लिहिल्या, तर उत्तर म्हणून दोन जोडलेले हात आणि एक गुलाब. म्हणून इथे सविस्तर.

बायबलमधलं गणना 11 उघडा. लोक मासे, काकड्या, कांदा-लसूण आठवून रडले, हे सगळ्यांना पाठ. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशे देवाला काय म्हणतो? ह्या लोकांना मी पोटात वागवलं होतं का, मला एकट्याला हे ओझं पेलवत नाही, त्यापेक्षा मारून टाक मला. ही कुरकुर नाही तर काय, आभारप्रदर्शन? देव त्याच्याकडे दहा रुपये मागत नाही. सत्तर वडीलधारी माणसं मदतीला देतो. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी कोणी ते पुस्तकातून काढलेलं नाही.

राग का येतो तेही सांगते. चर्चच्या कंपाउंडातलं पाळकाचं जुनं क्वार्टर, मंगळुरी कौलं, पावसाळ्यात पाच ठिकाणी गळायचं. कुठे कोणतं भांडं हे ठरलेलं. पेटीवर परात, बाबांच्या पुस्तकांपाशी बादली, माझ्या उशाशी दुधाचं पातेलं. बाबांचा पगार दोन-दोन महिने लांबायचा. आई कॅलेंडरच्या पानामागे रोज एक उपकार लिहायची. 'आज रॉकेल मिळालं.' 'थोरलीचा ताप उतरला.' कमिटीची माणसं घरी आली की बाबा प्रार्थनेत 'ह्या छपराबद्दल उपकार मानतो' म्हणायचे आणि सगळे डोळे मिटून 'आमेन'. मध्ये टप टप चालूच. शाकारणीचा विषय नऊ वर्षं निघाला नाही.

जुना_पंच:
सलाम ताई. तुमच्या आईबाबांबद्दल आदर आहे, पण तुम्ही त्यांचाच कित्ता खोडून काढताय. अकरावा अध्याय सांगितलात, चौदावा का गाळलात? चाळीस वर्षं तिथे ठरली, आणि कुरकुरीमुळेच ठरली. पोस्टवाल्याचं चुकलं कुठे? 'जे काही तुम्ही कराल ते कुरकुर व वादविवाद न करता करा,' हे प्रेषित पौलाने बेड्यांत असताना लिहिलं, पंख्याखाली बसून नाही.

आणि एकदा पंचकमिटीत बसून पाहा. बावीस वर्षं केलंय. उपदेश लांबला, माइक शिट्टी मारतो, चहा गार, गायनाची चाल बदलली, अमक्याच्या पोराला नाताळाच्या नाटकात दुष्ट हेरोद राजा का दिला! उपकारस्तुती द्यायला उभा कोणी राहत नाही. कापणीच्या सणाला तर काही लोक अर्पणाच्या मालाचा लिलाव सुरू झाला की चपला शोधतात.

सोलापुरी_चादर:
लिलावाचं नाव काढलंत म्हणून. आमच्याकडे एकच लाल भोपळा एका सकाळी तीनदा विकला गेला. साहेबांनी घेतला, 'मंडळीला परत अर्पण', टाळ्या. मग त्यांच्या साडूंनी घेतला, परत अर्पण, परत टाळ्या. बाईमाणूस दोन पायली ज्वारी डोक्यावरून घेऊन आली होती, तिची गोणी कोपऱ्यात. तिचं नाव माइकवर आलं नाही. हा कृतज्ञतेचा सण की वजन दाखवायचा?

जुना_पंच:
त्या भोपळ्याच्या पैशातून विधवांना नाताळाचं धान्य जातं, ताई. हिशेब वार्षिक सभेत वाचतात. तेव्हाही चपला शोधत असाल.

सोलापुरी_चादर:
वार्षिक सभेत हिशेब 'वाचला असे समजण्यात यावे' म्हणतात. मी असते तिथे, मागच्या बाकावर. आणि माझ्या चपलांचा विषय काढू नका.

वसईचा_पाव:
आम्ही कॅथलिक, त्यामुळे भोपळ्याच्या वादात पडत नाही. माझी सासुरवाडी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या कॅथलिकांतली. तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, भाताच्या नव्या लोंब्या फादर आशीर्वादित करतात. लिलाव नाही, माइकही बेताचा. बाकी आमच्या मिस्साबलिदानाला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) ज्या शब्दावरून 'युखरिस्ट' म्हणतात त्याचा अर्थच उपकारस्तुती. पण त्याच मिस्साच्या सुरुवातीला 'हे प्रभो, दया कर' असतं. रडणं आधी, आभार मागाहून.

सोलापुरी_चादर:
मग भाताचं पुढे काय होतं? कोण नेतं? खरंच विचारतेय.

जालना_जंक्शन:
भोपळे बाजूला ठेवा. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले. आमच्या आज्याने बाप्तिस्मा घेतला, पाणवठा तोच राहिला, पण जातीचा दाखला गेला. माझा चुलतभाऊ बौद्ध, त्याची मुलगी सवलतीत शिकली. माझी? आता मी 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' म्हणत बसू? आमच्या मंडळीत ह्या विषयावर सही मागितली तर एक वडीलधारे म्हणाले, 'आपला वाटा स्वर्गात आहे.' त्यांची दोन्ही मुलं कॅनडात आहेत.

जुना_पंच:
विषयांतर. कोर्टात जाणं वेगळं, कुरकुर वेगळी. नगरला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना मिशनच्या कारभारातलं काय काय खुपत होतं. कुरकुरत बसले नाहीत. 1917 ला मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र भक्तसंघ उभा केला.

जालना_जंक्शन:
वा. म्हणजे टिळकांनी केलं की दरबार, आम्ही केली की कुरकुर.

ग्रीक_वीस_मार्क:
सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, ग्रीकमध्ये काठावर पास झालोय, तरी सांगतो. पंचांनी दिलेल्या वचनात 'कुरकुर' ज्या शब्दासाठी आहे, गॉन्गुस्मॉस, तोच शब्द प्रेषितांची कृत्ये 6:1 मध्ये आहे. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांना रोजच्या वाटणीत डावललं म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी बरणी फिरवली नाही, सात माणसं नेमली. त्यातला एक स्तेफन. आणि ज्या पौलाने मध्यरात्री बेड्यांत गाणी म्हटली तोच सकाळी अडून बसला: आम्ही रोमन नागरिक, चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारलेत, आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः यावं. आले. अध्याय 16.

जुना_पंच:
वीस मार्कांच्या मानाने बरं आहे.

डावा_हात:
मी सहसा लिहीत नाही. एसटीत वाहक होतो. 2019 ला झटका आला, उजवी बाजू गेली. पहिलं वर्ष मी घरात नुसती तक्रार होतो. चहा, उशी, बायको, पाळक, देव. भेटायला येणारे कमी झाले. मुलगा घरी यायची वेळ उशिरा उशिरा करत गेला, ते मला कळत होतं. बायकोने शंभर पानी वही आणली. म्हणाली, काय होत नाही ते मला दिसतंय, काय झालं तेवढं सांगा, मी लिहिते. पहिल्या पानावर आहे, 'डाव्या हाताने शर्टाचं दुसरं बटण लावलं. पहिलं नाही.' आज चौथी वही चालू आहे. माझं दुखणं गेलं नाही, पण मुलगा आठ वाजता घरी येतो. ताई, तुमच्या कॅलेंडरची अशी थट्टा करू नका.

पाळकाची_पोर:
थट्टा नव्हती. असली तर माफ करा. तुमच्यापुढे माझा वाद चालणार नाही हे मान्य, अगदी मनावर दगड ठेवून मान्य. फक्त एक. वही तुमच्या बायकोने आणली, जी तुम्हाला अंघोळ घालत होती. कमिटीने आणून दिली असती तर?

डावा_हात:
फेकून मारली असती. बायकोलाही एकदा मारली. ती दुसऱ्या दिवशी परत घेऊन बसली.

जुना_पंच:
ठीक आहे. बरणीचं मलाही फारसं पटलेलं नाही. लोक दहा रुपये टाकून मग तासभर तक्रार करतील, आगाऊ भरल्यासारखी. पण क्वार्टरची कौलं नऊ वर्षं शाकारली नाहीत हे कमिटीचं पाप आहे, कृतज्ञतेचं नाही. आमच्या क्वार्टरची मे महिन्यात बघतो. (हो, गळतंय. पाळकीणबाई बोलल्या नाहीत, भिंतीवरचे डाग बोलले.)

सोलापुरी_चादर:
पंच, नोंद घेतली. 'बघतो' नाही, तारीख सांगा. आणि तो भोपळा शेवटी जातो कुठे ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

पाळकाची_पोर:
मला माहीत आहे. पाळकाच्या घरी येतो. तीनदा अर्पण झालेला, सात किलोचा. आई कॅलेंडरमागे तोही लिहायची. मग सोमवारी भाजी, मंगळवारी घारगे, बुधवारी सांबार, गुरुवारी परत भाजी. रानात रोज तोच मान्ना, देवाने दिलेलं अन्न, खाऊन विटलेल्या इस्राएल लोकांबद्दल मी तेव्हापासून वाईट बोलत नाही.

जुना_पंच:
मग तक्रार केलीत की नाही आईकडे?

पाळकाची_पोर:
केली ना. शुक्रवारी तिने भरीत केलं. भोपळ्याचं.