पस्तिशीनंतर बाळ हवंय, तर आधी तपासणी कोणाची?

इंदिरानगरची:
माझं वय 38. लग्न 34 व्या वर्षी झालं. वर्षभर वाट पाहून गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात जायला लागले. पुढची दोन वर्षं मी एकटीच जात होते. थायरॉईड, शुगर, एएमएच म्हणजे बीजं किती उरली त्याची रक्ततपासणी, दिवसाआड सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघायला एचएसजी. त्या दिवशी रिक्षात पोट दाबून बसले होते आणि संध्याकाळी पोळ्याही लाटल्या. सहा पाळ्या गोळ्या घेतल्या. यांचं वीर्य तपासा असं कोणी म्हटलं नाही, मीही हट्ट धरला नाही. "आमच्याकडे तसलं काही नाही," एवढं सासूबाईंचं बोलणं पुरलं.

शेवटी डॉक्टर बदलले. त्यांनी पहिल्याच भेटीत दोघांनाही बसवून घेतलं. यांच्या शुक्राणूंची संख्या फारच कमी निघाली. नवऱ्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या दोन वर्षांचा. स्त्रीबीजं जन्मतःच जेवढी असतात तेवढीच, नवीन तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर ती झपाट्याने कमी होतात आणि उरलेल्यांचा दर्जाही घसरतो. म्हणून सांगते, बायको 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका. आणि पहिली तपासणी नवऱ्याची करा. ती स्वस्तही आहे आणि दुखतही नाही.

पंचवटीच्या काकू:
बाळा, तुझं दुखणं कळतं गं. पण सगळ्यांना असं घाबरवू नकोस. माझ्या जावेला 41 व्या वर्षी मुलगी झाली, एकही तपासणी न करता. आम्ही त्र्यंबकला नारायण नागबळी केला, वणीच्या देवीला नवस बोललो, घरातलं वातावरण निवळलं. पुरुषाला आधी डबी घेऊन लॅबमध्ये धाडलं की संसारात कायमची अढी बसते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

इंदिरानगरची:
काकू, नारायण नागबळी आम्हीही केला, पूर्ण तीन दिवस. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अढी तर आमच्याही घरात बसलीच होती, फक्त ती माझ्या नावावर होती. हळदीकुंकवाला मला मागे बसवायचे.

सातपूरकर:
मला हा धागा पटला नाही. पस्तिशीची भीती घालूनच लोकांना टेस्ट ट्यूबच्या रांगेत उभं करतात. आमच्या हिचं वय 36 होतं. दोघांनी वजन उतरवलं, मी तंबाखू सोडली, कंपनीत भांडून रात्रपाळी बदलून घेतली. आठव्या महिन्यात दिवस राहिले. आधी शरीर सुधारा. टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांचा 2021 चा कायदासुद्धा बाईला 50 आणि पुरुषाला 55 वर्षांपर्यंत उपचाराची परवानगी देतो. मग एवढी घाई कशाला?

इंदिरानगरची:
दादा, तुमचं अभिनंदन, मनापासून. वजन, तंबाखू, झोप हे सगळं करायलाच हवं. फोलिक ॲसिडची गोळी मीही रोज घेते. पण यातलं काहीही वय थांबवत नाही. आणि 50 ही परवानगीची मर्यादा आहे, शरीराची नाही. स्वतःच्या बीजावर चव्वेचाळीस-पंचेचाळिशीनंतर टेस्ट ट्यूबलाही क्वचितच यश येतं. अठ्ठेचाळिशीत आई झाल्याच्या बातम्या येतात, त्यात बहुतेक वेळा बीज दुसऱ्या तरुण बाईचं असतं. ते कोणी छापत नाही. तीन महिने शरीर सुधारा, पण त्याच तीन महिन्यांत तपासणीही करून घ्या. दोन्ही एकदम का नको?

लॅबवाली ताई:
मी लॅबमध्ये काम करते. इंदिरानगरच्या ताईंचं पटतं, फक्त एएमएचबद्दल थोडं सांगते. एएमएच कमी आलं की बायका आमच्या काउंटरपाशीच रडायला लागतात. तो आकडा बीजं साधारण किती उरली ते सांगतो, ती कशी आहेत ते नाही. कमी एएमएच असूनही दिवस राहतात. एएमएच वाढवण्याच्या पावडरींवर पैसे घालवू नका.

पुरुषांचं गणित वेगळं आहे. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तंबाखू सोडल्याचा फरक तेवढ्या काळाने दिसतो. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचे रिपोर्ट पाहून पोटात कालवतं, काहींमध्ये एकही शुक्राणू सापडत नाही. आणि एकाच रिपोर्टवर निकाल लावू नका, थोड्या दिवसांनी पुन्हा करा.

पंचवटीच्या काकू:
सगळं खरं असेल. तरी माझं मत तेच. लेकाला सांगायचं तर त्याच्या बापाने सांगावं, सुनेने नाही.

द्राक्षबागायतदार, दिंडोरी:
काकू, मला कोणीच सांगितलं नाही. मी 40 चा, बायको 36 ची. तिच्या कागदांची पिशवी आता कपाटात मावत नाही, माझा एकही कागद नाही. बागेत फवारणी मीच करतो, बऱ्याचदा तोंडाला नुसता रुमाल बांधून. काल रात्री हा धागा तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून पाणी प्यायला गेली. सोमवारी नाशिकला येतोय. घरून डबी भरून आणली तर चालेल का?

लॅबवाली ताई:
नको दादा. नमुना तासाभराच्या आत तपासावा लागतो, आणि दिंडोरीहून येताना त्र्यंबक नाक्याला अडकलात तर वाया जाईल. लॅबमध्येच द्या, वेगळी खोली असते. आधी किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस संबंध नको. गेल्या दोन-तीन महिन्यांत ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. फवारणीबद्दल डॉक्टरांशी बोला. वहिनींनाही बरोबर आणा.