सल्ला हवा: तीन बॅप्टिस्ट मंडळ्या, सभासद कुठे व्हावं?

मोहरीदाणा
सर्वांना सलाम. बदली होऊन अमेरिकेत आलोय. घराजवळ तीन बॅप्टिस्ट मंडळ्या (चर्च) आहेत; हा ख्रिस्ती पंथ कळत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतो. पहिली सदर्न बॅप्टिस्ट: एक पाळक (पास्टर) आणि डीकन, म्हणजे मदतनीस सेवकांचं मंडळ. दुसरी रिफॉर्म्ड: १६८९चा विश्वासाचा जाहीरनामा मानणारी, चार-पाच ‘वडील’ (एल्डर, म्हणजे मंडळीचे पुढारी) मिळून कारभार बघतात. तिसरी अमेरिकन बॅप्टिस्ट: पाळक बाई आहेत, शिंपडून बाप्तिस्मा झालेल्यांनाही सभासद करून घेतात. उपदेश कुठला चांगला ते आमचं आम्ही ऐकून ठरवू. मला कारभाराबद्दल कळायला हवंय. पाळक कोण निवडतं, पैसा कोण सांभाळतं, काही बिनसलं तर साध्या सभासदाला बोलता येतं का? एक अट आधीच सांगतो. माझा बाप्तिस्मा बुडवून झालाय, बायकोचा लहानपणी शिंपडून. ती पुन्हा घेणार नाही. त्यावर चर्चा नको.

डीकनकाका
डोळे मिटून दुसरीत जा. एकट्या पाळकावर सगळा भार टाकला की तो एक तर थकतो, नाही तर मालक होतो. वडील अनेक असले की एकमेकांना आवरतात. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये १४:२३ बघा, प्रत्येक मंडळीत ‘वडील’ नेमले, एक नव्हे. आमच्याकडे अशीच पद्धत आहे आणि आजवर एकदाही फूट पडलेली नाही. सूनबाईंना मात्र प्रेमाने समजवा, आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी नंतर आनंदाने बाप्तिस्मा घेतला.

निळीशाई
काका, दादांनी अट स्पष्ट लिहिली आहे.
वडीलमंडळाचा माझा अनुभव अगदी उलटा. सगळे वडील पाळकांनीच सुचवलेले, सभासदांनी फक्त हात वर करायचे. वार्षिक सभेच्या हिशोबात एक ओळ होती, ‘इमारत व इतर’. मी विचारलं, ‘इतर’ म्हणजे काय? उत्तर आलं, बहिणींनी वडिलांवर विश्वास ठेवावा. माणसं पाच असली तरी आवाज एकाचाच असू शकतो. तिसरीत जा, तुमची अट तिथेच बसते.

सियोनवाट
बाई पाळक असलेल्या मंडळीत जाऊ नये असं माझं मत. सदर्न बॅप्टिस्टांनी २०००च्या विश्वासपत्रकातच लिहिलंय की पाळकपद पुरुषांसाठी. २०२३मध्ये सॅडलबॅकसारखी प्रचंड मंडळीसुद्धा याच कारणावरून काढून टाकली.

रूथची_आई
‘काढून टाकली’ म्हणजे काय तेही सांगा. कन्व्हेन्शनला, म्हणजे सदर्न मंडळ्यांच्या संघाला, कोणतीही मंडळी बंद करता येत नाही, तिची इमारत घेता येत नाही, पाळक हटवता येत नाही. फक्त सहकार्याचं नातं तोडता येतं. सॅडलबॅक आजही चालू आहे. शिवाय २०२४ला हाच नियम घटनेत घालायचा ठराव आला, तो दोन-तृतीयांश मतांअभावी पडला. तेव्हा तिथेही सगळे एकाच मताचे नाहीत.

सियोनवाट
ठराव पडला तरी २०००चं पत्रक आहे तिथेच आहे.

पहाटपक्षी
या वादात दादांचा प्रश्न बाजूला राहिला. सदर्नबद्दल माझी हरकत वेगळीच आहे. २०२२चा चौकशी अहवाल वाचा. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन आलेल्यांना वरच्या कार्यकारी समितीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं टाळलं, आणि आरोप झालेल्या सेवकांची यादी मात्र आतल्या आत ठेवली होती. ‘प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, आम्ही काय करणार’ हे कारण पुढे केलं गेलं. मला स्वातंत्र्य प्रिय आहे, पण त्याच्या आड लपता येतं हेही खरं. पहिलीत जाऊ नका.

खडूफळा
मी प्रिमिटिव्ह बॅप्टिस्टांत काही काळ गेलो. रविवारची शाळा नाही, वाद्यं नाहीत, नुसत्या आवाजात गाणी, पाय धुण्याचा विधी. उपदेशकाला ‘एल्डर’ म्हणतात, ठरलेला पगार नसतो. पगारच नाही तर पैशाचं भांडणही नाही. तिन्ही सोडा, अशी मंडळी शोधा.

डीकनकाका
पाय फ्री विल बॅप्टिस्टही धुतात. पण पगार नको हे पटत नाही. कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे.

रूथची_आई
मोहरीदाणा, नावाच्या पाटीवरून कारभार ओळखू नका. बॅप्टिस्टांत बिशप नाही, तेव्हा एकाच संघातल्या दोन मंडळ्याही सारख्या नसतात. सदर्नमध्येही कित्येक ठिकाणी आता वडीलमंडळ आहे, आणि कित्येक ठिकाणी डीकनच संचालकांसारखे बसतात. कृष्णवर्णीयांच्या नॅशनल बॅप्टिस्ट परंपरेत पाळकाचा शब्द सहसा जास्त चालतो, तरी त्याला बोलावणं सभासदांच्या मतानेच होतं. तिन्हीकडे जाऊन आधी नियमावली आणि चालू अंदाजपत्रक मागा. द्यायला कां-कू केली तर तिथेच समजा. मग सभासदांची सभा कधी आहे ते विचारा आणि मागे बसून ऐका. पाळकाविरुद्ध तक्रार आली तर ती कोणाकडे जाते, हे नाव घेऊन सांगायला लावा. ‘आमच्याकडे असं होत नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि वहिनींसाठी दोन प्रश्न वेगळे विचारा. सभासद होता येईल का, आणि प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेता येईल का? बऱ्याच ठिकाणी पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला हो म्हणतात.

निळीशाई
ताईंशी सहमत. मीही हेच म्हणत होते, हिशोब बघा. आणि तिसरीतच जा.

डीकनकाका
अंदाजपत्रक आमच्याकडे दाराशीच ठेवलेलं असतं.

मोहरीदाणा
सर्वांचे मनापासून आभार. रूथच्या आईंनी सांगितलं तसं तिन्हीकडे गेलो. दुसरीतल्या वडिलांनी फार आपुलकीने वेळ दिला, पण हिला प्रभुभोजनही मिळणार नाही हे सरळ सांगितलं. तिसरीत स्वागत मनापासून झालं. पण तिथली सभा वर्षातून एकदाच होते, आणि नियमावली मागितल्यावर ‘शोधून देतो’ म्हणाले, ती अजून आलेली नाही.

आम्ही पहिलीत जातोय. कोणीच सुचवली नव्हती, आणि पहाटपक्षी, तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतला. तिथे तक्रार कोणाकडे करायची हे विचारल्यावर त्यांनी छापील कागद हातात ठेवला. दोन नावं, त्यातली एक बाई, दोघंही पाळकांच्या घरातले नाहीत, आणि गुन्ह्याचा प्रश्न असेल तर आधी पोलिसांना कळवायचं असं त्यावर लिहिलेलं. सभेला मागे बसलो होतो. छपराच्या दुरुस्तीचा खर्च वाचताना एक म्हाताऱ्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, ठेकेदार पाळकसाहेबांचा मेहुणा आहे का? पाळक स्वतः म्हणाले, हो, आहे. डीकनांनी ते कलम तिथेच थांबवलं, दुसरे दोन दर मागवायचं ठरलं, मतदान पुढच्या सभेत. कोणी आजींना खाली बसा म्हणालं नाही.

हिला सभासद होता येणार नाही, मत देता येणार नाही. प्रभुभोजन मात्र विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांना देतात. हिनेच सांगितलं, मत नसलं तरी चालेल, उघडपणे विचारता येतं अशा ठिकाणी बसायचंय. माझं सभासदत्वाचं पत्र जुन्या मंडळीकडून मागवलंय.

सियोनवाट
चांगला निर्णय.

पहाटपक्षी
त्या दोन नावांतलं कोणी बदललं तर नवं कोण नेमतं, तेही विचारून ठेवा.

मोहरीदाणा
हे सुचलं नव्हतं. रविवारी विचारतो.