ख्यातींना इतिहासाचं साधन मानायचं का?

पोथीपारखी
राजपूत घराण्यांवर लिहिताना हल्ली जो तो ख्यातींचे दाखले देतो. ख्यात म्हणजे मारवाडी भाषेतलं गद्य: वंशावळी, लढाया, वैरं, कोणाला कुठलं गाव मिळालं याच्या हकीकती. माझं मत सरळ आहे. भाषा कळायला आणि समाज कळायला ख्यात जरूर वाचा, पण घटनेचा पुरावा म्हणून लावू नका. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी झडती घेतली, ती इथेही घ्यायला हवी.

नमुना देतो. मारवाडच्या राठोडांचा मूळपुरुष राव सीहा. ख्यातींत तो द्वारकेच्या यात्रेला निघतो आणि पाटणच्या मूळराज सोळंकीच्या बाजूने लढून लाखा फुलाणीला मारतो. मूळराज दहाव्या शतकातला. सीहाचा मृत्युलेख पालीजवळ बिठू गावी सापडला आहे, त्यावर संवत १३३०, म्हणजे इ.स. १२७३. तीनशे वर्षांची ढांग! वर त्याला कनौजच्या जयचंदाच्या वंशात बसवलंय. लेखात बापाचं नाव सेतराम आहे, जयचंदाचा उल्लेखच नाही.

कोस-दोन-कोस
ख्यातीचा सगळ्यात कच्चा कोपरा निवडलात. राजपुतान्याचे इतिहासकार गौरीशंकर ओझांनी ही मर्यादा कधीच आखून दिली आहे: संवत १३०० च्या आधीच्या वंशावळी आणि सालं भरवशाची नाहीत, त्यानंतर ख्यातकार नैणसीच्या काळापर्यंत मात्र ख्यात काही ठिकाणी फारसी तवारिखांपेक्षा मोलाची.

मुळात मुहणोत नैणसी (१६१०-१६७०) चारण, म्हणजे पिढीजात दरबारी कवी, नव्हताच. ओसवाल जैन, जोधपूरच्या जसवंतसिंहाचा दिवाण. त्याची ख्यात सलग ग्रंथ नाही, वातांचं म्हणजे सुट्या हकीकतींचं गाठोडं आहे. बऱ्याच ठिकाणी वात कोणाकडून, कोणत्या संवतात लिहून घेतली याची नोंद आहे. तीच गोष्ट दुसऱ्याने वेगळी सांगितली तर तीही शेजारी टिपलेली. आपल्या किती बखरी हे करतात? सभासद जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहितो, पण हे कोणाकडून कळलं ते ओळीओळीला सांगत नाही.

नैणसीचं गाठोडं नीट लावायचं राहून गेलं याचं कारणही उघड असावं. जसवंतसिंहाची इतराजी झाली, लाखाचा दंड बसला, आणि औरंगाबादेहून कैदेत मारवाडला नेत असताना त्याने व त्याच्या भावाने १६७० मध्ये जीव दिला.

शिवाय त्याची ‘मारवाड रा परगनां री विगत’ पाहा. जोधपूर, मेडता, सोजत, जैतारण, फलोदी, सिवाणा, पोकरण असे परगणे. गावाची नोंद कशी? परगण्याच्या ठाण्यापासून कोणत्या दिशेला किती कोस, रेख (अंदाजी उत्पन्न) किती, जमीन कशी, पिकं कोणती, विहिरी किती, पाणी गोडं की खारं, वस्ती कोणत्या जातींची. पुढे संवत १७१५ ते १७१९ या पाच सालांचं प्रत्यक्ष उत्पन्न. असा माणूस थापा ऐकून घेईल?

पोथीपारखी
विगत हा दप्तराचा ताळेबंद आहे, ख्यात नव्हे. एकाची पत दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नका. दिवाणाला १६६० सालचं उत्पन्न बिनचूक माहीत असतं, म्हणून १३६० सालची लढाई माहीत असते असं नाही.

आणि सगळे नैणसी नसतात. दयालदास सिंढायच बिकानेर दरबारचा चारण. त्याची एकोणिसाव्या शतकातली ख्यात दरबारासाठीच लिहिलेली. वाचायला सलग, गुळगुळीत, म्हणूनच जास्त धोक्याची. साधन नव्हतं तिथल्या भेगा लिंपून घेतल्यात आणि वरून रंग दिलाय. त्यापेक्षा बांकीदास आसिया परवडला. तोही चारण, पण एकेका ओळीची दोन-अडीच हजारांवर टिपणं, सुटी ती सुटीच ठेवलेली.

वैशाख वदी
वाद चालू द्या, पण आधी तिथ्या तरी नीट लावा. मराठी लेखांत यात हमखास घोळ दिसतो. संवताचा इसवी सन काढताना सरसकट ५७ वजा करू नका.

मारवाडच्या दप्तरात संवत श्रावणात बदलायचा, पंचांगात चैत्रात. श्रावणादी संवत असेल तर श्रावणापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून आषाढापर्यंत ५६. शिवाय तिकडचे महिने पूर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे. त्यांचा वैशाख वद म्हणजे आपला चैत्र वद्य.

धरमतची लढाई घ्या, एप्रिल १६५८, जसवंतसिंह विरुद्ध औरंगजेब आणि मुराद. महिना वैशाख वद. चैत्रादी संवत १७१५, श्रावणादी १७१४. दोन पोथ्यांत दोन आकडे दिसले की लोक एकीला खोटं ठरवतात. दोन्ही बरोबर असतात.

कोस-दोन-कोस
धरमतचा विषय निघालाच आहे तर: त्याच लढाईवर, रतलामच्या रतनसिंह राठोडावर, खिडिया जग्गाची वचनिका आहे. ती यमकबद्ध गद्य-पद्य रचना. तिथे अतिशयोक्ती हाच अलंकार. इटालियन अभ्यासक टेसिटोरीने तिचं संपादन केलं, आणि हस्तलिखितांची सूची करताना गद्य ख्याती वेगळ्या विभागात ठेवल्या. वचनिकेतल्या थापांची शिक्षा ख्यातीला नको.

ख्यातीत ‘काम आया’ म्हणून पडलेल्यांच्या याद्या असतात: नाव, बाप, खांप म्हणजे उपशाखा. बाप पडला की मुलगा पट्ट्यावर (जहागिरीवर) हक्क सांगायचा. खोटं नाव घुसवलं तर भाऊबंदच दरबारात उठले असते.

पोथीपारखी
की भाऊबंदांनी मिळूनच घुसवलं असतं! हक्क जिथे, तिथे खोटेपणाला कारणही तिथेच. चारणांना सांसण म्हणजे करमाफ गावं मिळायची, तेव्हा सांगणाराही निःस्वार्थ नव्हता.

निदान दाखला देताना नुसतं ‘नैणसी म्हणतो’ असं लिहू नका. वात कोणी सांगितली ते लिहा, आणि मूळ मारवाडी पाठ पाहा. साकरियांची जोधपूरची चार भागांतली आवृत्ती आहे. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेच्या हिंदी भाषांतरात मजकूर घराण्यांप्रमाणे लावून घेतलाय. कोणत्या टिपणाशेजारी कोणतं होतं ते त्यात कळत नाही.

कोस-दोन-कोस
एवढं मान्य. पण मग हाच नियम फारसी तवारिखांनाही लावा. तिथेही पगार बादशहाच देत होता.